डोळे की नुसते ठिपके? एकमेकांना खोडणारे दोन पेपर कसे वाचायचे

२००८ साली ‘बिहेवियरल इकॉलॉजी’ या नियतकालिकात मार्टिन स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. फुलपाखरं आणि पतंगांच्या पंखांवर डोळ्यांसारखे जे गोल ठिपके असतात (इंग्रजीत ‘आयस्पॉट’, आपण डोळे-ठिपके म्हणू), ते पक्ष्यांपासून वाचवतात ते ठळक असल्यामुळे, डोळ्यांची नक्कल म्हणून नाही, असं त्याचं शीर्षकच सांगतं. सात वर्षांनी, २०१५ मध्ये, ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी’मध्ये सेबास्तियानो डी बोना आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्याचं शीर्षक नेमकं उलटं: भक्षकाची नक्कल हेच कारण, ठळकपणा नाही.

आता तुम्ही पेटची तयारी करताय किंवा आरआरसीसमोर सिनॉप्सिस मांडायचा आहे असं समजा. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हे दोन्ही पेपर आले. बहुतेक जण काय करतात ते मी बघितलंय. एक ओळ स्टीव्हन्सला, एक ओळ डी बोनाला, आणि तिसरी ओळ ‘याबाबत मतभेद आहेत, अधिक संशोधनाची गरज आहे.’ झालं. ही तिसरी ओळ मला सगळ्यात जास्त खटकते. मतभेद कशावर आहे ते न बघता मतभेद आहे एवढंच लिहिणं म्हणजे शीर्षकं वाचणं, पेपर नाही. म्हणून आज हे दोन पेपर जरा उलटसुलट करून बघू.

आधी प्रश्न आपल्या गावात आणतो. मूल, सिंदेवाही, नागभीड, पुढे आरमोरीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढवतात. धीवर समाजातल्या कित्येक घरांचं ते पिढीजात काम आहे. कोसा सगळ्यांना माहीत असतो, त्यातून बाहेर येणारा पतंग मात्र फार कमी जणांनी नीट बघितलेला असतो. अँथेरिया मायलिटा. तळहाताएवढा. चारही पंखांवर एकेक गोल ठिपका, मध्ये काचेसारखा पारदर्शक भाग आणि भोवती रंगीत कडं. कोणालाही दाखवा, तो म्हणेल ‘डोळे आहेत.’ अळीची गोष्ट वेगळी. ती पानांत मिसळून जाणारी हिरवी, तरीही राखण करणारा माणूस दिवसभर पाखरं हाकलत असतो. म्हणजे एकाच किड्याच्या आयुष्यात रंगाचे दोन डाव आहेत, आधी लपायचं आणि नंतर डोळे दाखवायचे. पहिला डाव समजायला सोपा. दुसऱ्यात मात्र एक शब्द आपण न तपासता घुसवला आहे, ‘डोळे’. ते आपल्याला डोळे वाटतात. कोतवालाला काय वाटतं?

ही गोष्ट तपासायचा पहिला नावाजलेला प्रयत्न ब्लेस्ट यांचा, १९५७ चा. पक्षी मीलवर्म (एका भुंगेऱ्याची अळी, पक्ष्यांचं आवडतं खाणं) उचलायला आला की खालून दिवा लागायचा आणि अळीच्या बाजूला आकृती दिसायची. फुली, समांतर रेघा, वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ. आकृती जितकी डोळ्यासारखी तितका पक्षी जास्त दचकायचा. यानंतर पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकांत ‘डोळे-ठिपके म्हणजे घुबडाच्या डोळ्यांची नक्कल’ असं छापून येत राहिलं. अडचण एवढीच की वर्तुळात वर्तुळ ही आकृती फुलीपेक्षा डोळ्यासारखी तर आहेच, पण ती नजरेत जास्त भरणारीही असू शकते. दोन गोष्टी एकत्र बदलल्या, तर परिणाम कोणामुळे झाला ते सांगता येत नाही. परीक्षेत तुम्ही ‘कन्फाउंडिंग’ची व्याख्या लिहिता ना, ती ही.

स्टीव्हन्सच्या पेपरचं मोल इथे आहे. त्यांनी कागदावर त्रिकोणी ‘पतंग’ छापले, त्यांना मीलवर्म लावला, झाडांच्या खोडांवर टाचले आणि इंग्लंडमधल्या जंगलातल्या मोकळ्या पक्ष्यांना ठरवू दिलं. काहींवर गोल ठिपके, काहींवर पट्ट्यांसारखे इतर आकार, कमीजास्त आकाराचे, कमीजास्त संख्येचे. ठराविक वेळाने जाऊन कोणाची अळी गेली ते नोंदवलं. निकाल असा की ठिपके मोठे असले, जास्त असले, उठून दिसणारे असले तर ‘पतंग’ जास्त टिकतो, पण गोल आकाराचा वेगळा फायदा दिसत नाही. पट्टी असो की गोल, ठळक असलं की पुरे.

ही पद्धत मला मनापासून आवडते, आणि ग्रामीण कॉलेजातून पीएचडी करू पाहणाऱ्याने तर ती नीट शिकूनच घ्यावी. प्रिंटर, टाचण्या, अळ्या आणि पायपीट एवढंच भांडवल. पक्षी पिंजऱ्यात नाहीत, उपाशी ठेवलेले नाहीत, नमुना शेकड्यांत घेता येतो. अळी पक्ष्याने नेली की कोळ्याने शोषली, हे मागे काय उरलं त्यावरून बऱ्यापैकी ओळखता येतं, आणि अशा नोंदी विश्लेषणात वेगळ्या धरता येतात. (आपल्याकडे हे करायला गेलात तर मुंग्यांचा विचार आधी करा. ऐनाच्या खोडावर अळी टाचली की पाखराच्या आधी कोण येणार, हे सांगायला पीएचडी लागत नाही.)

पण शीर्षकात ‘डोळ्यांची नक्कल नव्हे’ असं म्हणायला हा प्रयोग पुरतो का? माझं मत, नाही. एक तर कागदी पतंग हलत नाही. तो खोडावर उघडाच असतो, पक्ष्याला दुरून दिसतो, पक्षी हवा तितका वेळ थांबून बघू शकतो. दचकवण्याचा सगळा जोर अचानकपणात असतो. टोपलीखालचा साप आणि सर्पमित्राच्या बरणीतला साप, दोन्ही सापच, पण आपण दचकतो एकालाच. ज्या प्रयोगात अचानकपणा काढून घेतलाय, त्यात डोळ्यासारखेपणाचा फायदा दिसला नाही, तर तो फायदा नाहीच असं कसं म्हणायचं?

दुसरी गोष्ट जास्त बारीक आहे. या प्रयोगात मोजलं जातं ते ‘टिकणं’. टिकण्यात दोन पायऱ्या आहेत: पक्ष्याला दिसणं, आणि दिसल्यावर त्याने हल्ला करणं. ठळक ठिपका पहिल्या पायरीवर तोट्याचा आणि दुसऱ्या पायरीवर फायद्याचा. शेवटी हातात येतो तो दोन्हींचा एकत्र हिशोब. गोल आणि पट्टी यांचा हिशोब सारखा निघाला, म्हणून दोन्ही पायऱ्यांवर ते सारखे होते असं होत नाही. शिवाय ‘फरक सापडला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं आपल्या मापाबद्दल असतं, दुसरं निसर्गाबद्दल. शीर्षकात मात्र दुसरंच छापलं जातं, कारण पहिलं कोणी वाचत नाही.

आता डी बोना. फिनलंडमधला हा प्रयोग, ग्रेट टिट या पक्ष्यावर. आपल्या राखी वल्गुलीचा हा जवळचा नातलग. पक्षी अळी खायला आला की समोरच्या संगणकाच्या पडद्यावर एकदम चित्र यायचं. डोळे उघडे असलेलं घुबड, डोळे मिटलेलं घुबड, आणि ‘आउल बटरफ्लाय’ म्हणतात त्या मोठ्या डोळे-ठिपक्यांच्या अमेरिकन फुलपाखराची वेगवेगळी रूपं: ठिपके जसेच्या तसे, ठिपके बदललेले आणि ठिपके काढून टाकलेले. बदललेल्या ठिपक्यांत खरी हुशारी आहे. ते तेवढेच ठळक ठेवले, फक्त डोळ्यासारखे कमी दिसतील असे केले. ब्लेस्टने जी गाठ तशीच सोडली होती ती इथे सोडवली. निकाल असा की जसेच्या तसे ठिपके खऱ्या घुबडाच्या उघड्या डोळ्यांइतकेच घाबरवतात, आणि तितकेच ठळक पण कमी डोळ्यासारखे ठिपके त्यांच्यापेक्षा कमी.

डिझाइन म्हणून मला हा पेपर जास्त पक्का वाटतो. मिटलेल्या डोळ्यांचं घुबड हा कंट्रोल तर फार सुंदर. त्याच्याशिवाय पक्षी घुबडाच्या एकूण आकाराला घाबरतो की डोळ्यांना, हे कळलंच नसतं. पण यांच्याही शीर्षकाबद्दल माझी तक्रार तीच. शीर्षकात ‘फुलपाखरांच्या ठिपक्यांचं’ कारण सापडलं असं आहे, आणि प्रयोगात आहे ते एक मोठ्या ठिपक्यांचं फुलपाखरू. त्या फुलपाखराला नावच घुबडावरून मिळालं, म्हणजे माणसाला सगळ्यात जास्त ‘डोळे’ वाटणारं उदाहरण निवडून त्यावरून सगळ्यांबद्दल बोलणं झालं. पडद्यावर मोजली ती दचक. दचकलेला पक्षी पुन्हा येऊन खातो की नाही, हा फुलपाखराच्या दृष्टीने खरा प्रश्न, तो पडद्यावरच्या चित्राला विचारताच येत नाही, कारण चित्र खाता येत नाही.

म्हणजे दोघांनी एकच प्रश्न विचारून उलटी उत्तरं दिलेली नाहीत. एकाने विचारलं, निश्चल आणि दुरून दिसणाऱ्या भक्ष्यावरची खूण किती वाचवते? दुसऱ्याने विचारलं, चोचीच्या अंतरावर अचानक उघडलेली खूण किती दचकवते? दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात.

खाता येणाऱ्या जिवंत फुलपाखरावरचा प्रयोग हवा असेल तर आद्रियान वालिन आणि सहकाऱ्यांचा २००५ चा बघा, स्वीडनमधला. पीकॉक फुलपाखरू बसलेलं असताना वाळल्या पानासारखं दिसतं, डिवचलं की फटकन पंख उघडून चार मोठे डोळे-ठिपके दाखवतं आणि फिस्स असा आवाज करतं. त्यांनी काहींचे ठिपके रंगवून झाकले, काहींचा आवाज बंद केला, काहींचं दोन्ही केलं. आणि प्रत्येक गटाला जोडीचा कंट्रोल ठेवला. म्हणजे ज्यांचे ठिपके झाकले नाहीत त्यांच्याही पंखावर दुसरीकडे तेवढाच रंग लावला. रंगाच्या वासाने किंवा वजनाने फरक पडला असा आक्षेप घ्यायला जागाच नाही. मग ब्लू टिट पक्ष्यांसमोर सोडले. ठिपके शाबूत असलेल्या ३४ पैकी १ मेलं. ठिपके झाकलेल्या २० पैकी १३ मेली. मेलेली पक्ष्यांनी खाल्ली, म्हणजे ती कडू नव्हती, सगळा मामला हुलीचा.

इथे थांबून नमुन्याकडे बघा. सगळी मिळून ५४ फुलपाखरं. आपल्याकडे प्रेझेंटेशनमध्ये ‘एन किती?’ हा प्रश्न हमखास येतो आणि आकडा लहान असला की चेहरे पडतात. पण ३ टक्के आणि ६५ टक्के यांतला फरक बघायला हजार फुलपाखरं लागत नाहीत. परिणाम किती मोठा अपेक्षित आहे यावर नमुना ठरतो. उलट हेही बघा की हा इतका चोख प्रयोग आपल्या मूळ भांडणाचा निकाल लावत नाही. ठिपका पूर्ण झाकला की डोळाही गेला आणि ठळकपणाही गेला. भारी प्रयोगसुद्धा विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

आणि तिसरी शक्यता तर आपण अजून घेतलीच नाही. आपल्या धानाच्या बांध्यांमध्ये पावसाळ्यात संध्याकाळी उडणारं एक तपकिरी फुलपाखरू आहे, मेलानिटिस लेडा, इंग्रजीत कॉमन इव्हनिंग ब्राउन. त्याच्या अळ्या धानावर आणि गवतावर वाढतात. पावसाळी पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूला कडेने डोळे-ठिपके असतात. उन्हाळी पिढीत ते जवळपास गायब होतात आणि फुलपाखरू हुबेहूब वाळलं पान होतं. जात एकच, ऋतूप्रमाणे रूपं दोन. कडेला असलेले बारके ठिपके कोणाला घाबरवण्याइतके मोठे नसतात. त्यांचं काम वेगळं असावं असा जुना अंदाज आहे: हल्ला डोक्याऐवजी पंखाच्या कडेवर ओढून घ्यायचा. पंखाचा तुकडा गेला तरी चालतं, डोकं गेलं तर संपलं.

याच धाटणीच्या बायसायक्लस अनायनाना या आफ्रिकन फुलपाखरावर कॅथलीन प्रुडिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रार्थना कीटक, म्हणजे मॅन्टिस सोडून पाहिलं. पावसाळी रूप मॅन्टिसला लवकर दिसलं, पण पकडायला अवघड गेलं, कारण झडप ठिपक्यांवर पडत होती. मग त्यांनी मोठे ठिपके कापून उन्हाळी रूपाच्या पंखांवर चिकटवले, तर तीही जास्त जगली आणि जास्त अंडी घालू शकली. हे चिकटवणं मला सगळ्या साहित्यातलं एक फार समाधान देणारं काम वाटतं. पावसाळी फुलपाखरं कदाचित जास्त चपळ असतील, हा आक्षेप एका गोंदाच्या थेंबाने संपला. आधीच्या कामात पक्ष्यांसमोर मात्र उन्हाळी रूपाला उशिरा दिसण्याचा फायदा मिळाला होता, आणि एकदा दिसल्यावर दोन्ही रूपं सारखीच मरत होती. म्हणजे ठिपका कामाचा की घातक हे समोर कोण आहे त्यावर, आणि पाचोळा हिरवा की वाळका त्यावर. स्टीव्हन्स आणि डी बोना दोघांच्याही शीर्षकात ‘भक्षक’ हा शब्द आहे, पण दोघांनी बघितले ते फक्त पक्षी. टसर पतंग रात्री उडतो. त्याच्या मागे लागणारं वटवाघूळ आवाजावर शिकार करतं, त्याच्या लेखी हे डोळे नसल्यासारखेच.

हे सगळं नुसतं पेपरवाचनाचं कौतुक राहिलं असतं, तर मी इतकं लिहिलं नसतं. पण मूल तालुक्यात ‘पाठीमागे डोळे लावा’ ही कल्पना किड्यांपुरती राहत नाही. मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसं वाकून काम करतात आणि वाघाचे हल्ले होतात, हे इथे कोणाला सांगायला नको. सुंदरबनमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जंगलात जाणाऱ्यांना डोक्याच्या मागे मुखवटे दिले गेले, मुखवटा घातलेल्यांवर हल्ले झाले नाहीत असं तेव्हा सांगितलं गेलं, आणि त्याचा दाखला आजही दिला जातो. पण मुखवटा कोणी घालायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. जो सांगितलेला मुखवटा न चुकता घालतो, तो एकटा आत खोल जाण्याचंही टाळत असेल. तुलना दोन मुखवट्यांची नाही, दोन प्रकारच्या माणसांची होते.

याच्या शेजारी बोट्सवानातल्या ओकावांगो भागातला २०२० चा पेपर ठेवा, ‘कम्युनिकेशन्स बायॉलॉजी’मधला, कॅमरून रॅडफर्ड, नील जॉर्डन आणि सहकाऱ्यांचा. सिंह-बिबट्यांचा त्रास असलेल्या १४ कळपांत, ४ वर्षांत मिळून २०६१ गुरं. ६८३ गुरांच्या पुठ्ठ्यावर डोळे रंगवले, ५४३ वर नुसती फुली, ८३५ कोरी. भक्षकांनी मारली ती कोऱ्यांतली १५, फुलीवाल्यांतली ४, डोळेवाल्यांतलं एकही नाही. फुलीचा गट आहे म्हणून हा पेपर वाचण्याजोगा आहे. तो नसता तर ‘रंग लावला म्हणून’ आणि ‘डोळे काढले म्हणून’ यात फरकच करता आला नसता. स्टीव्हन्स विरुद्ध डी बोना, पण गुरांच्या पाठीवर.

आता वही काढा. बातम्यांमध्ये ‘डोळे रंगवलेली शून्य मेली’ एवढंच आलं. पण आपला प्रश्न डोळे विरुद्ध फुली हा आहे. रंगवलेली गुरं एकूण १२२६, त्यातली फुलीवाली ५४३, म्हणजे ०.४४३. मेली ४. डोळे आणि फुली यांत काहीच फरक नसता आणि ही ४ नुसत्या नशिबाने वाटली गेली असती, तर चारही फुलीवाल्यांतच पडण्याची शक्यता ०.४४३ चा चौथा घात, साधारण ०.०४. शंभरात चार वेळा हे योगायोगाने होईल. पुरावा आहे, पण चार मरणांवर उभा आहे. एक गुरं कमीजास्त झालं असतं तर वाक्य बदललं असतं. त्यात एकाच कळपातली गुरं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे खरा पुरावा याहून थोडा ढिला. आणि प्रत्येक कळपात कोरी गुरं होतीच. सिंहाला दुसरा पर्याय होता. सगळ्याच गुरांना डोळे काढले तर काय होईल, किंवा सिंह किती दिवसांत सरावेल, हे प्रश्न लेखकांनी स्वतःच मांडलेत.

म्हणून कोणी मला विचारलं की आपल्याकडच्या गुरांवर हे करून बघावं का, तर मी हो म्हणेन. रंग स्वस्त आहे, जोडीला फुलीचा आणि कोऱ्याचा गट ठेवा, कोणत्या गुराला काय ते चिठ्ठीने ठरवा. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईच्या डोक्यामागे मुखवटा बांधून ‘आता भीती नाही’ म्हणायचं का, तर नाही. मुखवटा फसला तर गमवायचं ते गुराएवढं नसतं, आणि मुखवट्याच्या भरवशावर ती दोन पावलं जास्त आत गेली तर हिशोब उलटाच होईल.

ज्यांना किड्यांवरच काम करायचंय त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. वालिनसारखा प्रयोग, म्हणजे जंगलातून पक्षी पकडून, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय होत नाही, आणि त्या परवानगीत फेलोशिपचं एक वर्ष सहज जातं. मॅन्टिस आणि बांधीतलं फुलपाखरू मात्र जाळीच्या पिंजऱ्यात घरामागे ठेवता येतात, फक्त निवडलेली जात कायद्याच्या अनुसूचीत नाही ना ते आधी बघा. मेलानिटिसची दोन्ही रूपं मिळवायची तर एका हंगामात भागणार नाही. पावसाळी रूप धान उभं असताना धरावं लागेल, उन्हाळी रूप धान कापून पाचोळा पडल्यावर. सिनॉप्सिसमध्ये वेळापत्रक मांडताना हे दोन्ही हंगाम दाखवा, आणि ठिपके चिकटवलेल्यांच्या जोडीला स्वतःचेच ठिपके कापून परत चिकटवलेला एक गट ठेवा.